आईने अ‍ॅपला काहीच सांगितलं नाही, तरी त्याला सगळं कसं कळलं?

खडीसाखर (शनिवार, रात्री १०:५०)

माझी आई ७३ वर्षांची. चिपळूण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाली. तिचं फेसबुक नाही, इन्स्टाग्राम नाही, ईमेल आहे तो मी काढून दिलेला आणि तिने कधी न उघडलेला. ‘सबस्क्राइब’ म्हणजे वर्गणी आणि वर्गणी म्हणजे पैसे, असं तिचं ठाम मत असल्यामुळे त्या बटणाच्या आसपासही ती बोट नेत नाही. लाइक नाही, कमेंट नाही, कुणाला काही पुढे पाठवणं नाही.

मे महिन्यात घरी गेलो तर दुपारची जेवणं आटोपून मातोश्री माजघरात आडव्या, आणि फोनवर एक गोरा माणूस गाईचा खूर तासतोय. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, “थांब, आतला खडा निघतोय.” खडा निघाला. लगेच दुसरी गाय, दुसरा खूर. अशा सात-आठ गाई माझ्यासमोर बऱ्या झाल्या.

चौकशी केल्यावर कळलं ते असं. आधी तिला रांगोळ्या, मोदकाच्या कळ्या, कीर्तनातले तुकडे असलं काहीबाही दिसायचं. एके दुपारी बघता बघता तिला झोप लागली आणि नेमका खुराचा व्हिडिओ चालू राहिला. हे छोटे व्हिडिओ संपले की स्वतःच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ती उठली तेव्हा चहाची वेळ होऊन गेलेली, बॅटरी १२ टक्के. म्हणजे अ‍ॅपच्या हिशेबाने एका बाईने एक मिनिटाचा व्हिडिओ लागोपाठ ऐंशी-नव्वद वेळा बघितला! असा भक्त त्याला कधी भेटला नसेल. दुसऱ्या दिवसापासून खूरच खूर. आणि गंमत म्हणजे चार दिवसांनी तिला ते खरंच आवडायला लागले.

पुण्याला परत आल्यावर डोक्यातून ते जाईना. कपाटातला जुना फोन काढला, सगळं पुसून कोरा केला, शेजारी वही घेतली आणि एक देशी छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप टाकलं.

पहिला पडदा भाषांचा. ‘मराठी’ हा शब्द मराठीतच, मोठ्या अक्षरात. तो दाबला आणि संपलं. नाव नाही, नंबर नाही, वय नाही. व्हिडिओ आधीच चालू झालेला, आवाजासकट. चिन्हावर बोट ठेवल्यापासून पहिला व्हिडिओ दिसेपर्यंत मी मोजले, नऊ सेकंद. मग पडद्यावर एक हात आला, खालून वर सरकला आणि नाहीसा झाला. एवढंच प्रशिक्षण. नंबर त्याने मागितला तो मी मुद्दाम लाइकचा बदाम दाबला तेव्हा, म्हणजे मला काहीतरी हवं झालं तेव्हा. (कुठल्याही सरकारी साइटवर साधा दाखला काढायला जा. आधी नाव, मग नंबर, मग ओटीपी, मग ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, आणि इतकं झाल्यावर ‘सेशन संपले’.)

पहिल्या वीसांची वहीतली नोंद: लावणी, सीसीटीव्हीतला बिबट्या, मिसळ, सासू-सून, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर, गडावरचं धुकं, एका महाराजांच्या कीर्तनातला विनोद, मेंदी, नाक्यावरची मारामारी, पुन्हा सासू-सून... जत्रेत जसं प्रत्येक दुकानदार एकेकदा हाक मारतो तसं. मी ठरवलं की फक्त ट्रॅक्टरला थांबायचं. बदाम नाही, काही नाही. ट्रॅक्टर शेवटपर्यंत बघायचा आणि बाकी सगळं लगेच वर सरकवायचं. चाळिसाव्या व्हिडिओच्या आसपास दर तिसरा ट्रॅक्टर यायला लागला. मग उसाच्या ट्रॉल्या आल्या, मग जेसीबी. ट्रॅक्टर हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता, बोललो नव्हतो.

मला वाटतं खरी मेख इथे आहे. जुनं इंटरनेट विचारायचं, “बोला, काय पाहिजे?” रिकामी चौकट आणि लुकलुकणारी रेघ. आता सहज, जाता-येता फोन उघडणाऱ्या माणसाला काय पाहिजे ते ठाऊक असतं का? नसतंच, म्हणून तर तो सहज उघडतो. या अ‍ॅपांनी तो प्रश्नच काढून टाकला. उत्तर मात्र ते घेतात, अंगठा कुठे थबकला त्यावरून.

तुमचे अनुभव सांगा. ‘बंद करून टाका’ हा सल्ला नको, त्यावर धागे येऊन गेलेत.

---

रिकामटेकडा (शनिवार, रात्री ११:०४)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रच्याकने (म्हणजे ‘बाय द वे’), खुरांचे व्हिडिओ खरंच भारी असतात. मातोश्रींना नमस्कार सांगा.

---

नाक्यावरचा_मोबाईलवाला (शनिवार, रात्री ११:३१)

लातूरला गंजगोलाईच्या बाजूला आमचं मोबाईलचं दुकान आहे. मी जरा दुसऱ्या टोकानं सांगतो.

२०१६ पर्यंत आमचा रोकडा धंदा म्हणजे मेमरी कार्ड भरून द्यायचा. गिऱ्हाईक चार जीबी-आठ जीबीचं कार्ड काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, “टाका बघून चांगलंचुंगलं.” काय टाकायचं, ते कोणी सांगत नव्हतं बघा! फार तर, “पिक्चर दोन टाका, मारामारीचे.” बाकी मी माणसाकडं बघून ठरवायचो. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का दिसला की भजनं आणि भारुडं. मिसरूड फुटलेलं पोरगं असलं की डीजेची गाणी. बाई लेकराला घेऊन आली की कार्टून आणि अंगाईगीतं. पुढच्या खेपेला तोच माणूस आला की विचारायचं, “मागचं काय आवडलं?” आणि त्याच जातीचं अजून भरून द्यायचं. खडीसाखर, तुमचं ते ट्रॅक्टरचं वाचलं आणि हसूच आलं. ते अल्गोरिदम म्हणतेत ना, ते आधी आमच्या काउंटरवर बसायचं आणि ५० रुपये घ्यायचं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. मेमरी कार्डचा धंदा वर्षभरात बसला. पण गंमत पुढं आहे. २०१८-१९ ला लोक दुकानात येऊन म्हणायचे, “ते नाचायचं टाकून द्या.” नाव येत नव्हतं कोणाला. कुठं बघितलं, तर व्हॉट्सॲपवर. टिकटॉकचा व्हिडिओ उतरवून घेतला की त्यावर ते सुराचं चिन्ह यायचं आणि खाली बनवणाऱ्याचं नाव, आणि ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उड्या मारायचं. कापून टाकायलाही येत नव्हतं. चिन्ह ध्यानात राहायचं, नाव नाही. मी माझ्या हातानं शेकडो फोनमध्ये टाकून दिलं असंल. कंपनीनं मला एक रुपया दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

---

कोडगा (रविवार, सकाळी ८:१५)

दोघांचेही अनुभव वाचून हात शिवशिवले. या क्षेत्रात थोडी वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझे दोन पैसे.

उड्या मारणाऱ्या चिन्हाचं मूळ टिकटॉकच्याही आधीचं. शांघायच्या दोघांनी आधी छोट्या शैक्षणिक व्हिडिओंचं अ‍ॅप काढलं होतं, ते साफ आपटलं. शिकवायला वेळ लागतो आणि शिकायला मन लागतं, सहज येणाऱ्याकडे दोन्ही नसतं. उरलेल्या पैशांत त्यांनी २०१४ मध्ये म्युझिकली काढलं: गाणं आधीच तयार, तुम्ही फक्त ओठ हलवा. पुढच्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की लोक हे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकतात तेव्हा त्यावरचं नाव कापलं जातं. नावाची जागा बदलली, आणि त्या उन्हाळ्यात अमेरिकेत अ‍ॅप पहिल्या क्रमांकावर गेलं. टिकटॉकची मालक कंपनी बाइटडान्सने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ते विकत घेतलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये टिकटॉकमध्ये मिसळून टाकलं.

आता आतली गोष्ट. १५ जून २०२० ला गलवान झालं, २९ जूनला टिकटॉकसकट ५९ चिनी अ‍ॅप बंद झाले आणि बंगळुरात अक्षरशः लूट लागली. शेअरचॅटने मोज काढलं, डेलीहंटवाल्यांनी जोश, ८ जुलैला इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी इथेच सुरू केली. मोज तीस तासांत उभं केलं असं तेव्हा सांगितलं जायचं. मी अशाच एका कंपनीत होतो (नाव विचारू नका, अजून तिथले लोक लग्नाला बोलावतात). भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकच आकडा असायचा: काल पहिल्यांदा आलेल्यांपैकी आज किती परत आले. डाउनलोड किती झाले याला कोणी विचारत नव्हतं. डाउनलोड जाहिरातीने विकत घेता येतात, दुसऱ्या दिवशीचं परत येणं घेता येत नाही.

आम्ही सुरुवातीला शहाणपणा करून एक पडदा घातला होता, ‘तुमच्या आवडीचे पाच विषय निवडा’. शेती, विनोद, भक्ती वगैरे, छान छान चित्रांसकट. त्या पडद्यावरच लोक गळायचे. जे निवडायचे ते खोटं निवडायचे! भक्ती आणि सामान्यज्ञान दाबणार आणि बघणार मारामारी. आठवड्यात तो पडदा काढला. माणूस तोंडाने बोलतो ते वेगळं आणि अंगठ्याने बोलतो ते वेगळं.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुम्ही एक व्हिडिओ बघत असता तेव्हा पुढच्या दोन-तीनांची सुरुवात फोनमध्ये येऊन पडलेली असते. म्हणून सरकवल्याबरोबर चालू होतं, ते गोल फिरणारं चक्र दिसत नाही. आमचे निम्मे कष्ट यावर गेले: दोन जीबी रॅमचा फोन, रेंज एक कांडी, तरी अडखळता कामा नये. चित्र धूसर चालेल, थांबलेलं चालणार नाही. चक्र दिसलं की माणसाला आठवतं की आपल्याला दुसरी कामं आहेत.

---

शेवंती (रविवार, सकाळी ९:४०)

कोडगा, शेवटचं वाक्य फार खरं.

आमच्याकडे दहावीतला मुलगा आहे, त्यामुळे मी हे रोज बघते. मला जाणवलेला फरक सांगते. मालिकेला जाहिरात लागायची. जाहिरातीत कुकर लावता यायचा, दार उघडता यायचं, साडेआठला भाग संपला की पानं घ्यायची. वर्तमानपत्राला शेवटचं पान होतं. इथे उठायला जागाच ठेवलेली नाही. आमचा चिरंजीव “हा एक संपला की उठतो” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो संपतो, पण संपल्यासारखा दिसत नाही.

---

माळावरचा (रविवार, सकाळी १०:२२)

आला, ‘तंत्रज्ञानाने नासवलं’चा मासिक धागा आला.

टीव्ही आला तेव्हा हेच. केबल आली तेव्हा हेच. माझे आजोबा रेडिओला ‘रिकामा भोंगा’ म्हणायचे आणि त्यावर अख्खं गाव रात्री नाटक ऐकायचं. माणसाला करमणूक पाहिजे असते, जो स्वस्तात देतो त्याच्याकडे तो जातो. यात युक्ती कसली? खडीसाखर, तुमच्या आई आनंदाने बघतायत ना? झालं तर मग. आणि कोडगा, तुम्ही त्या पडद्याचं, आकड्याचं इतकं कौतुक सांगताय; शेवटी व्हिडिओ चांगला असेल तर लोक बघतील, नसेल तर नाही. मालात दम पाहिजे.

---

कोडगा (रविवार, सकाळी ११:०५)

माळावरचा, मालात दम होता अशी एक गोष्ट ऐका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत क्विबी नावाचं अ‍ॅप आलं. फक्त मोबाईलसाठी, दहा मिनिटांच्या आतले भाग, हॉलिवूडचे नट-दिग्दर्शक, पावणेदोन अब्ज डॉलर भांडवल. जेफ्री कॅट्झनबर्ग आणि मेग व्हिटमन, म्हणजे उद्योगजगतातले दिग्गज. त्याच वर्षी डिसेंबरात दुकान बंद. लोक टाळेबंदीत घरात, हातात फोन, वेळच वेळ, तरी. कारणं बरीच सांगितली जातात, माझ्या मते दोन मोठी. एक, आधी नाव नोंदवा, मग यादीतून निवडा, आणि पुढे पैसे भरा. दोन, सुरुवातीला त्यातल्या प्रसंगाचा साधा स्क्रीनशॉटही काढता येत नव्हता. म्हणजे लातूरच्या दुकानात जाऊन “ते अमुक टाकून द्या” म्हणायची सोयच नाही.

आणि त्याच महिन्यांत कुठल्या तरी गावात कोणीतरी गच्चीवर बादली उलटी ठेवून वाजवत होतं आणि ते लाखो लोक बघत होते.

---

माळावरचा (रविवार, सकाळी ११:१८)

बादलीवाला चांगला वाजवत असेल.

---

तापीकाठ (रविवार, दुपारी १:३०)

आता बादलीवाल्याच्या बाजूने थोडं.

मी शिरपूरकडचा. अहिराणीत दोन-दोन मिनिटांच्या गमती करतो. मी, माझा चुलतभाऊ आणि एक काका. काकांना अभिनय येत नाही, ते फक्त चिडतात, आणि लोक त्यांच्यासाठीच येतात. टिकटॉक असताना सुरुवात केली. पहिल्यांदा टाकलं ते आमच्या कांद्याच्या चाळीपुढचं, काहीतरी फालतू भांडण. रात्री १८,००० व्ह्यू! काय भो, झोप नाही आली. सकाळी नवे शर्ट घालून दुसरा काढला. त्याला १६०. पुढच्या नऊला मिळून हजारसुद्धा नाही. मग बाराव्याला परत वीस हजार. का, ते आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही.

म्हणजे खडीसाखर, तुम्ही बघणाऱ्याचं लिहिलं, पण बनवणाऱ्यालाही तोच गळ आहे. दर वेळी मिळालं असतं तर आम्ही माजलो असतो, कधीच मिळालं नसतं तर कांद्याकडे परत गेलो असतो. मधेच केव्हातरी मिळतं, म्हणून तर अडकलो. शिवाय सुरुवातीला त्यांनी आम्हाला फार सोपं करून ठेवलं होतं. बोलायचं काय हा प्रश्नच नाही, कोणाचा तरी आवाज घ्या, त्यावर तोंड हलवा, पंधरा सेकंदांत विषय संपला. जो काल बघत होता तो आज करतोय. आमच्या आळीत किराणावाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांनी एकेक करून बघितलं. २०२४ ला बिग बॉस मराठी जिंकलेला बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण, तोही याच वाटेने आधी लोकांना माहीत झाला. शहरातले लोक तेव्हा त्याला हसत होते. हसायला म्हणून थांबले तरी अ‍ॅपच्या लेखी ते थांबणंच!

बंदी आली त्या रात्री ४१,००० फॉलोअर गेले. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने टिकटॉक अ‍ॅप स्टोअरवरून काढलं होतं ते दोनेक आठवड्यांत परत आलं, म्हणून आम्हाला वाटलं याही वेळी येईल. नाही आलं. काका दोन दिवस जेवले नाहीत, अर्थात ते मान्य करत नाहीत.

आता दुसरीकडे करतो. अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी सांगतो, पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. ‘नमस्कार मंडळी’ म्हणायचं नाही, त्यात माणूस निघून जातो. भांडणाच्या मध्यातून सुरू करायचं, काकांचा हात वर गेलेला असतानाच. शब्द मोठ्या अक्षरात पडद्यावर टाकायचे, कारण एसटीत लोक आवाज बंद करून बघतात. आणि शेवट असा कापायचा की तो सुरुवातीला चिकटेल, बघणाऱ्याला कळायच्या आत दुसरी फेरी सुरू. यूट्यूबने तर ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट चालू झाला किंवा परत फिरला की व्ह्यू धरायला सुरुवात केली, किती सेकंद बघितला त्याची अट नाही. आकडे फुगले. काका खूश, मी नाही. पैसे त्या आकड्यावर मिळत नाहीत.

---

रिकामटेकडा (रविवार, दुपारी १:४१)

काकांची लिंक द्या.

---

तापीकाठ (रविवार, दुपारी १:५५)

इथे नको, धाग्याचा बाजार होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

फ्रँकफुर्टचा_वडा (रविवार, दुपारी ४:१०)

इकडची एक बातमी भर म्हणून. एप्रिल २०२४ मध्ये टिकटॉकने फ्रान्स आणि स्पेनमध्ये ‘लाइट’ अ‍ॅप आणलं. व्हिडिओ बघा, लाइक करा, मित्रांना बोलवा, गुण कमवा. गुणांच्या बदल्यात खरेदीची कूपनं. युरोपीय आयोगाने लगेच चौकशी लावली, कंपनीने योजना थांबवली आणि ऑगस्टमध्ये युरोपीय संघात ती परत आणणार नाही असं बांधून दिलं. आपल्याकडे शाळेत खिचडी ठेवली की पट वाढायचा, तसलाच प्रकार.

आणि चीनमधलं त्यांचं भावंड डोउयिन १४ वर्षांखालच्या मुलांना सप्टेंबर २०२१ पासून दिवसाला ४० मिनिटंच दाखवतं, तेही सकाळी ६ ते रात्री १०. म्हणजे थांबवता येतच नाही असं नाही.

---

शेवंती (रविवार, सायंकाळी ५:०२)

टिकटॉकमध्येही १८ खालच्यांना तासाभराची आठवण करून देतात ना, २०२३ पासून? फरक पडतो का त्याने?

---

कोडगा (रविवार, सायंकाळी ६:२०)

चांगला प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी टिकटॉकवर खटले भरले. केंटकीच्या कागदपत्रांत काही मजकूर काळा करून झाकलेला होता, पण झाकताना गडबड झाली आणि पत्रकारांना तो वाचता आला. त्यात कंपनीचेच आकडे होते. त्या आठवणीमुळे मुलांचा रोजचा वेळ साधारण १०८.५ मिनिटांवरून १०७ वर आला. दीड मिनिट. अंगठ्याने ‘ठीक आहे’ दाबायला लागतो तेवढा.

त्याच पानांत दुसरा आकडा होता: सवय लागायला किती व्हिडिओ लागतात याचं त्यांचं गणित, २६०. ऐकायला खूप वाटतात. पण एकेक आठ सेकंदांचा असेल तर ३५ मिनिटांच्या आत होतात.

माळावरचा, मी कौतुक करत नाहीये, कसं चालतं ते सांगतोय. कौतुक असतं तर अजून तिथेच असतो.

---

माळावरचा (रविवार, रात्री ८:४५)

ठीक आहे, २६०चा आकडा मला माहीत नव्हता. तेवढं मागे घेतो. पण रेडिओचं मागे घेत नाही. विविध भारतीवर पुढचं गाणं कुठलं येईल हे माहीत नसायचं म्हणूनच आपण बसून राहायचो. न निवडता मिळण्यात एक सुख असतंच, ते चिन्यांनी शोधलेलं नाही.

---

नाक्यावरचा_मोबाईलवाला (रविवार, रात्री ९:१०)

माळावरचा साहेब, रेडिओवाल्याला माहीत नव्हतं की तुम्ही कुठल्या गाण्याला उठून पाणी प्यायला गेलात. फरक तेवढाच आहे.

---

माळावरचा (रविवार, रात्री ९:१२)

हं.

---

शेवंती (रविवार, रात्री ९:३०)

त्यावरून आठवलं. पान खाली खाली सरकतच राहतं, ‘पुढचे पान’ दाबावंच लागत नाही, ही करामत २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या माणसाने केली. पुढे त्याने जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. मी हे चिरंजीवांना सांगितलं. तो म्हणाला, “व्हिडिओ आहे का त्याचा?”

---

खडीसाखर (पुढच्या शनिवारी, रात्री १०:१५)

आठवडाभर लिहायला झालं नाही, क्षमस्व. सगळ्यांचे आभार, विशेषतः लातूरच्या काउंटरचे.

या शनिवार-रविवारी घरी आलोय. मनात होतं की आईच्या फोनवरचे खूर घालवून देऊ. व्हिडिओवर बोट दाबून धरलं की ‘आवड नाही’ असं येतं. ते चार-पाचदा दाबलं, जुना इतिहास पुसला. दुपारी तिने उघडलं तर पुन्हा पहिल्या दिवसासारखी जत्रा: रांगोळी, बिबट्या, सासू-सून. ती भराभर वर सरकवत गेली, सरकवत गेली, आणि मला म्हणाली, “तू काय केलंस याचं? माझा तो खुरांचा डॉक्टर कुठे गेला?” म्हटलं, तो डॉक्टर नाही, खूर तासणारा आहे. “तेच ते. आण त्याला.” मग मीच शोधाच्या चौकटीत टाइप करून दिला. या अ‍ॅपवर या घरात शोधलेला हा पहिला शब्द.

आता मुख्य बातमी. खालच्या वाडीतले आबा रोज गुरं घेऊन आमच्या पाखाडीवरून जातात. मागच्या सोमवारी आईने पायरीवरून हाक मारून त्यांना सांगितलं म्हणे, “तांबूस गाय मागच्या डाव्या पायावर भार देत नाही, बाहेरच्या नखात काहीतरी आहे.” आबांनी आधी हसण्यावारी नेलं. बुधवारी गाय लंगडायला लागली, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, आणि बाहेरच्या नखातून जांभ्याची कपची निघाली, नखाएवढी.

आज सकाळी आबा खरवसाचं भांडं घेऊन आले होते. म्हणाले, “बाई, तुम्हाला कसं कळलं हो?”

आई म्हणाली, “वाचलं होतं कुठेतरी.”